अंगावरून किती गेलं?

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर, निदानाच्या रकान्यात, घाईघाईत लिहिलेली एक ओळ आहे. त्या ओळीतली तीनच अक्षरं मला वाचता आली होती. पी, पी, एच. ते कार्ड मी लेकीच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवलं आणि तीन वर्षं परत उघडलं नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा उघडावं लागलं, आणि तेव्हा कळलं की बाळंतपणानंतर जो अतिरक्तस्राव होतो त्याला डॉक्टर लोक थोडक्यात असं म्हणतात.

मी पतसंस्थेत नोकरी करते. रोजकीर्द, खतावणी, महिन्याचा ताळा हे माझं रोजचं काम. माझ्या बाबतीत काय चुकलं हे मला शेवटी त्याच भाषेत उमगलं. नोंदी सगळ्या होत्या, त्या एकत्र लावून खतावणी कुणी मांडली नव्हती.

मे २०१९. मी पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण माहेरी. सासर कराडजवळ, माहेर माण तालुक्यात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी आले. कराडची सोनोग्राफी एका फायलीत होती. माहेरच्या उपकेंद्रात सिस्टरांनी रक्त तपासून हिमोग्लोबिन माता-बाल कार्डावर लिहिलं, ८.८. सोनोग्राफीच्या कागदावर गर्भजल जास्त असल्याचं लिहिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, ती बरोबर निघाली, विषय संपला. लोहाच्या लाल गोळ्या मला दिल्या होत्या. त्या घेतल्या की मळमळायचं, पोट गच्च व्हायचं. मी त्या घेत नव्हते आणि आशाताई विचारायला आल्या की घेते म्हणून सांगत होते. ही माझी चूक, आणि ती मला लिहायलाच हवी.

बाळंतपणाचं ठिकाण म्हणजे तालुक्याच्या गावातला एक छोटा दवाखाना. संध्याकाळी पाणी गेलं. ते इतकं की आईनं दोन लुगडी बदलली. कळा मात्र येईनात. सकाळी सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. मग दिवसभर कळा, रात्रभर कळा. पहाटे पावणेचारला लेक झाली. ३ किलो ९०० ग्रॅम. सगळे म्हणाले, केवढी गुटगुटीत! वार पडायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. मी घामानं भिजलेली होते, पण खूश होते.

नंतरचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. खालचं कापड बदललं. परत बदललं. आई म्हणाली, "सिस्टर, पोरीचं लयच जातंय की हो." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बाळंतपण आहे, अंगावरून जाणारच." माझी मावशी उशाशी बसली होती. ती म्हणाली, "जाऊ दे. साचलेली घाण जाती. ऱ्हायली तर पोट सुटतं बाईचं." त्या खोलीत कुणीच वाईट नव्हतं. सिस्टर रात्रभर उभ्या होत्या. मावशीची स्वतःची चार बाळंतपणं झालेली. तिघींनी एकच रक्त पाहिलं आणि किती गेलं हे एकीलाही सांगता आलं नसतं. काही कापडात मुरलं होतं, काही बादलीत गेलं होतं, काही गाठींच्या रूपात गादीवर होतं.

मग मला तहान लागली. जीभ टाळ्याला चिकटली. मे महिन्यात, पंखा बंद असताना थंडी वाजायला लागली. कानात भुंगा घोंगावत होता. आईचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज लांबून येत होता. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "गोळा कुठंय?" हे दोन शब्द मला स्पष्ट आठवतात. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाची पिशवी आकसून बेंबीच्या खाली टणक गोळ्यासारखी हाताला लागायला हवी. माझी लागत नव्हती. मऊ कणकेसारखी होती.

पुढं सगळं एकदम. त्यांनी पोटावरून पिशवी इतक्या जोरात चोळली की कळांपेक्षा ते जास्त दुखलं. लघवीची नळी घातली, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही. दुसरं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, गोळ्या गुदद्वारातून घातल्या. तरी थांबेना. मग डॉक्टरांनी एका कॅथेटरच्या टोकाला निरोध दोऱ्यानं बांधला, पिशवीच्या आत सरकवला आणि सलाईन भरून फुगवला. आतून दाब बसावा म्हणून. बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ही युक्ती काढली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. महागडं साधन हाताशी नसलेल्या ठिकाणी कितीतरी बायका तिच्यामुळे वाचल्या आहेत. त्यांतली एक मी. १०८ ची गाडी आली तेव्हा उजाडलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला दीड तास लागला. आई सांगते की मी वाटेत सारखं "लेकीला दूध पाजा" म्हणत होते. मला त्यातलं काही आठवत नाही.

मोठ्या रुग्णालयात चार पिशव्या रक्त चढवलं. त्याचे पैसे लागले नाहीत. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला रक्त मोफत मिळतं, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. पण रक्तपेढीत साठा कमी होता म्हणून ह्यांचे दोन मित्र पहाटेच निघून आले आणि त्यांनी रक्त दिलं. रक्त चढवण्याआधी माझं हिमोग्लोबिन ५.६ होतं. दूध पाचव्या दिवशी उतरलं. तोवर लेकीला वरचं दूध पाजताना आई दर वेळी रडायची.

बाकी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हे सगळं झालं. बारसं सव्वा महिन्यानं केलं. माणसं म्हणायची, देवानं तारलं. खरंच तारलं. पण जिना चढताना मला धाप लागायची, केस मूठमूठ गळायचे आणि रात्री झोपेत खालचं अंथरूण ओलं झाल्यासारखं वाटून मी दचकून उठायचे, हात फिरवून बघायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले ते २०२२ मध्ये. मी जिल्ह्याच्या त्याच सरकारी रुग्णालयात नाव नोंदवायचं ठरवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं वाक्य हे उच्चारलं, "पहिल्या वेळचे सगळे कागद आणा. एकूणएक." पुढच्या खेपेला मी पिशवीच नेली. मॅडमनी कागद टेबलावर पसरले आणि पत्ते लावावेत तसे ओळीनं मांडले.

"हे हिमोग्लोबिन. ८.८. हे उपकेंद्रात लिहिलेलं. हे पाणी जास्त, हे कराडला लिहिलेलं. कळांचं औषध किती तास चाललं? जवळजवळ वीस तास. हे दवाखान्याच्या कागदावर. बाळ ३.९. यांतली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी माहीत होती. सगळ्या मिळून एका माणसाला माहीत नव्हत्या."

मी विचारलं, याचा रक्ताशी काय संबंध? त्यांनी सलाईनची एक रिकामी नळी घेतली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि नळी त्या बोटांमधून ओवायला सांगितली. मग बोटं आवळली. नळी चपटी झाली. "पिशवीचे स्नायू असे जाळीसारखे असतात. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की त्या वाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना ना टाका घालायचा असतो ना पट्टी बांधायची असते. स्नायू आवळले की त्या आपोआप दाबल्या जातात. आणि स्नायू आवळलेच नाहीत तर?"

त्यांनी बोटं सैल सोडली. नळी परत गोल झाली.

मग माझ्या कागदांचा अर्थ लागत गेला. पाणी जास्त आणि बाळ मोठं म्हणजे पिशवी गरजेपेक्षा ताणलेली. फार ताणलेलं रबर लगेच मूळ मापाला येत नाही तशी. वीस तास औषधानं कळा आणलेल्या म्हणजे स्नायू दमलेले, आणि ज्या औषधानं पिशवी आकसते त्याच औषधाला ते सरावलेले. नंतर तेच औषध दिलं तर त्याचा असर कमी होतो. आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे गाठीला पैसाच नाही. जिचं १२ आहे तिचं लिटरभर गेलं तर ती निभावते. जिचं ८.८ आहे तिला तेवढ्यानंच ग्लानी येते. शिवाय रक्तक्षय असलेल्या बाईला मुळात जास्त रक्त जाण्याचीही शक्यता असते. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय होता. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका कळा सुरू होण्याआधीच तोट्यात असतात.

"आणि आता तुमच्या यादीत एक नवीन नोंद आहे," मॅडम म्हणाल्या. "एकदा झालेला रक्तस्राव. त्यामुळे परत होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. होईलच असं नाही. पण आपण होणार असं धरून तयारी करायची."

माझ्या माता-बाल कार्डावर लाल स्टिकर लागलं. जोखमीच्या गरोदरपणाची ती खूण. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, तेव्हा बाकावर बसलेल्या कुणाकुणाच्या कार्डावर लाल आहे ते लांबूनच दिसायचं. डिसेंबरच्या ९ तारखेचा बाक मला विशेष आठवतो. माझ्या डाव्या बाजूला जुळं असलेली मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची. तिची पिशवी दुप्पट ताणलेली. तिच्या पलीकडे ऊसतोडीला आलेली बीडकडची बाई, सहावं बाळंतपण. ती म्हणाली, "मला कशापायी लाल लावलं? माझी समदी फडावरच्या कोपीत झाली, काय झालं न्हाई." सिस्टरांनी तिला समोर बसून सांगितलं की बरीच बाळंतपणं झालेली पिशवी सैल पडते. आधीची पाच नीट झाली ही सहाव्याची हमी नाही. फडावरून रात्री गाडी कशी बोलवायची, हेही सांगितलं आणि मुकादमाचा नंबर कागदावर लिहून घेतला.

उजव्या बाजूची बाई सगळ्यांत शांत होती. तिची आधीची दोन सिझर होती आणि या वेळी वार खाली, जुन्या टाक्यांच्या जागेवर होती. तिची जोखीम माझ्यापेक्षा वेगळ्या जातीची. टाक्यांच्या व्रणावर बसलेली वार कधीकधी पिशवीच्या भिंतीत रुतते, सुटता सुटत नाही, आणि ओढली तर रक्ताचा पूर येतो. तिला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं होतं. पिशवी काढावी लागेल याची तयारी ठेवून. तिनं मला विचारलं, "पहिल्या सिझरच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं का हो?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही वाटतं की पहिलं सिझर खरोखर गरजेचं असेल तेव्हा ते जीव वाचवतंच, पण मुहूर्त गाठायला किंवा कळांच्या भीतीनं सिझर मागणाऱ्या घरांनी या बाईचा चेहरा एकदा पाहावा.

घरी मात्र निराळीच लढाई होती. सासूबाईंचं म्हणणं, इतक्या लांब जायचं कशाला? कराडात काय डॉक्टर नाहीत? मी म्हणाले, "आत्या, डॉक्टर आहेत. पण मला जिथं जिन्याखाली रक्तपेढी आहे तिथं बाळंत व्हायचंय." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. पोरगं जगलं. बाया म्हणाल्या, अंगावरनं लय गेलं. मी तवा दहा वर्षांची. मला वाटायचं, काय गेलं असंल अंगावरनं?" त्यानंतर त्यांनी परत विषय काढला नाही आणि माझी बॅग त्यांनीच भरली.

तयारी म्हणजे काय केलं, तर सगळ्यांत जास्त वेळ हिमोग्लोबिनला गेला. सुरुवातीला ९.४ होतं. या वेळी गोळ्या प्रामाणिकपणे घेतल्या, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. चहानं लोह अंगी लागत नाही, आणि आमच्याकडे तर दिवसाला चार चहा. जंताची गोळी घेतली. तरी अठ्ठाविसाव्या आठवड्यात दहाच्या वर गेलं नाही, तेव्हा मॅडमनी शिरेतून लोह दिलं. सलाईनच्या बाटलीत मिसळलेलं तपकिरी औषध, पाव-अर्ध्या तासाचं काम, नंतर थोडा वेळ बसवून ठेवलं. दिवस भरत आले तेव्हा ११.४ झालं. तो कागद मी ह्यांना फोटो काढून पाठवला, दहावीच्या निकालासारखा.

वार वर आहे ना, हे सोनोग्राफीत पाहून घेतलं. माझा गट बी पॉझिटिव्ह. त्याच गटाच्या तिघांचे फोन नंबर लिहून ठेवले आणि तिघांना आधी विचारून ठेवलं की रात्री-अपरात्री याल ना. आणि फायलीच्या पहिल्या पानावर एक कागद लावला. रेघी कागद, ठळक अक्षरं. पहिल्या वेळी रक्तस्राव, पिशवी आकसली नाही, फुगा घातला, चार पिशव्या रक्त. गर्भजल जास्त, बाळ ३.९, कळांचं औषध वीस तास, हिमोग्लोबिन ८.८. खाली या वेळचे आकडे. मॅडमनी तो कागद वाचला आणि त्यावर लाल पेनानं फुली मारून सही केली. ड्यूटी बदलली की नवीन सिस्टर आधी तेच पान वाचायच्या. माझी खतावणी ती एवढीच.

फेब्रुवारी २०२३. तारखेच्या काही दिवस आधीच मी दाखल झाले. वाटेतला वेळ ही माझ्या बाबतीत एक जोखीमच होती, म्हणून. कळा आपोआप आल्या. बाळंतपणाच्या खोलीत गेल्यावर मी सिस्टरांना विचारलं की पिशवी आकसायचं इंजेक्शन कुठे ठेवता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, उन्हात राहिलं तर त्याची ताकद जाते. २०१९ च्या त्या मे महिन्यात काय झालं होतं, मला माहीत नाही, आणि आता त्याचा शोध घेऊन उपयोगही नाही. पण फ्रिजचा दिवा लागलेला बघून मला बरं वाटलं.

हाताला जाड सुई आधीच लावली होती. लघवी करायला लावली. रक्ताचा नमुना रक्तपेढीत जाऊन जुळवून झालेला होता. सकाळी साडेअकराला मुलगा झाला, ३ किलो ४००. मिनिटाच्या आत मांडीत इंजेक्शन बसलं. वार दहा मिनिटांत नीट आली, सिस्टरांनी ती पालथी-उलथी करून पूर्ण आहे ना ते पाहिलं, कारण एक तुकडा आत राहिला तरी पिशवी मिटत नाही. आणि माझ्या खाली एक प्लास्टिकची पिशवी होती, नरसाळ्यासारखी, तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त थेट त्यात उतरत होतं.

मॅडमनी माझाच हात धरून माझ्या पोटावर ठेवला. "इथं दाबा. लागतंय?" बेंबीच्या खाली नारळासारखा टणक गोळा लागला. चार वर्षांपूर्वी जो डॉक्टरांना सापडला नव्हता तो. मी रडले.

दर पंधरा मिनिटांनी सिस्टर यायच्या, गोळा चाचपायच्या, पिशवीवरची रेघ बघायच्या, नाडी आणि बीपी लिहायच्या. दुसऱ्या खेपेला २५० मिली. तिसऱ्या खेपेच्या आधी मीच पोटावर हात ठेवला आणि गोळा हाताला लागेना. मी हाक मारली. सिस्टरांनी रेघ पाहिली, ४५०, आणि मोठ्यानं आकडा सांगितला. तो आकडा ऐकून तीन माणसं एकदम आली. एकीनं पिशवी चोळायला घेतली, दुसरीनं सलाईनमध्ये औषध टाकलं, मॅडमनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन शिरेतून सावकाश दिलं. त्या काम करता करता मला सांगत होत्या, बहुतेक मी घाबरू नये म्हणून. हे औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, २१ देशांतल्या वीस हजार बायकांवर पाहिलेलं आहे, २०१७ मध्ये. मॅडम तपासत असताना मी छताकडे बघून वीस हजार बायका डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला.

गोळा परत टणक झाला. ६२० वर रेघ थांबली. रक्त चढवावं लागलं नाही. त्या दिवशी दुपारी मी वरण-भात खाल्ला आणि मुलाला पाजलं. पाजताना पिशवी आकसते, पोटात कळ येते. ती कळ मला आवडली.

म्हणजे परत झालं, हे नीट लिहायला हवं. पाणी जास्त नव्हतं, बाळ फार मोठं नव्हतं, कळांचं औषध लागलं नव्हतं, हिमोग्लोबिन चांगलं होतं. यादीतलं एकच उरलं होतं आणि ते खरं ठरलं. फरक फक्त इतकाच की पहिल्या वेळी मी बेशुद्ध व्हायला लागले तेव्हा लोकांना कळलं आणि दुसऱ्या वेळी ४५० ला कळलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. मी तो मॅडमकडून समजून घेतला. मापाची तीच प्लास्टिकची पिशवी, आणि रक्त ठरावीक रेघेला पोचलं की एकामागून एक नाही, सगळे उपाय एकाच वेळी. जिथं असं केलं तिथं गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. नेहमीच्या, डोळ्यांनी अंदाज करण्याच्या पद्धतीत साधारण निम्मेच रक्तस्राव ओळखले गेले होते. उरलेल्या निम्म्या बायकांच्या उशाशीही कुणीतरी म्हणालं असेल, जाणारच अंगावरून.

महाराष्ट्राचे आकडे देशापेक्षा बरे आहेत. २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ माता दगावल्या, देशात ९७. पण त्या हिशेबात गेलेल्याच बायका येतात. चार पिशव्या रक्त घेऊन परत आलेली, वर्षभर धापा टाकणारी, रात्री अंथरूण चाचपणारी बाई त्यात कुठेच नाही.

घरी आल्यावरही संपत नाही, हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे रक्तस्राव उलटू शकतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, वास यायला लागला, ताप आला किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली तर शेक-शेगडी बाजूला ठेवून गाडी बोलवायची. आणि खूप रक्त गेल्यावर दूध अजिबातच उतरलं नाही, पुढं पाळीही आली नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. मेंदूतल्या एका ग्रंथीला रक्त न पोचल्यानं तसं होऊ शकतं, आणि त्याला उपचार आहेत.

गेल्या वर्षी माझ्या नणंदेचं बाळंतपण झालं. तिच्या कार्डावर लाल स्टिकर नव्हतं. चोवीस वर्षांची, हिमोग्लोबिन १२.१, पाणी बेताचं, कळा आपोआप, बाळ २ किलो ९००. माझ्या यादीतलं एकही कलम तिला लागू नव्हतं. तरी सासूबाईंनी बाळंतपण मोठ्याच रुग्णालयात करायचं ठरवलं. मला न विचारता.

बाळ झालं, वार आली, सगळे बाहेर पेढ्याचं बोलायला लागले. मी आणि सासूबाई आत होतो. सासूबाई पोरीच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या, मी शिकवलेलं. गोळा टणक होता, अगदी नारळ. आणि खालून लाल, ताजं रक्त बारीक धारेनं वाहतच होतं. सिस्टर म्हणाल्या, पिशवी चांगली आकसली आहे, काळजी करू नका. सासूबाईंनी हात काढला नाही. त्या म्हणाल्या, "बाई, गोळा लागतोय. मग रक्त येतंय कुठनं?"

सिस्टर थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि डॉक्टरांना बोलावलं. पिशवीच्या तोंडाला आतून चीर पडली होती, बाळ जोरात आल्यामुळे. चार टाके पडले. धार थांबली. सिस्टरांनी पिशवीवरची रेघ पाहून कागदावर ४०० लिहिलं, आणि सासूबाईंनी तो आकडा त्यांच्याकडून परत एकदा म्हणवून घेतला.